सर्कशीच्या रांगेत चॅप्लिनचा बाप नव्हता

‘चार्ली चॅप्लिन यांच्या बालपणीची सत्य घटना’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प बसलो. मग माझी आठवीतली भाची आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी तोच मेसेज शब्दशः पाठ करताना दिसली. कोणीतरी तो तिला ‘भाषणाचे मुद्दे’ म्हणून दिला होता. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, पंचवटीत ब्लाउज शिवून आणि पिको-फॉल करून एकटीच्या बळावर घर चालवते. आणि तिच्याच मशीनजवळ उभी राहून पोर हातवारे करत म्हणत होती, “चॅप्लिन घडले ते त्यांच्या वडिलांमुळे. आई तर मुलांना टाकून वेड्यांच्या इस्पितळात गेली होती.”

या दोन वाक्यांसाठी हे सगळं लिहितोय. बाकीचे मुद्दे वाटेत येतील तसे घेतो.

ज्यांच्याकडे तो मेसेज आलेला नाही त्यांच्यासाठी सारांश. लहानगा चार्ली वडिलांबरोबर सर्कशीच्या तिकिटांच्या रांगेत उभा आहे. पुढे एक गरीब कुटुंब, ओळीने मुलं, धुतलेले साधे कपडे. तिकिटाला पैसे कमी पडतात. चार्लीचे वडील खिशातली वीस डॉलरची नोट हळूच खाली टाकतात, उचलतात आणि म्हणतात, ‘साहेब, तुमची नोट पडली.’ ते कुटुंब सर्कशीत जातं आणि हे बापलेक सर्कस न बघता घरी परततात. पुढे म्हटलंय की आईने मुलांना टाकलं, पाचव्या वर्षी चार्ली घराचा कर्ता झाला, शाळा नाही, गुरू नाही, नुसत्या उपजत देणगीवर तो हॉलिवूडला पोचला. त्यानंतर काही सुविचार, एक कविता, चॅप्लिनसारखं दिसण्याच्या स्पर्धेत खुद्द चॅप्लिन हरल्याची गोष्ट, आणि शेवटी नाशिककरांसाठी कोणीतरी जोडलेलं शेपूट: आपले दादासाहेब फाळके चॅप्लिनचे चित्रपट बघून सिनेमाकडे वळले.

आधी सर्कस. ही गोष्ट डॅन क्लार्क या अमेरिकन वक्त्याची आहे. १९९० च्या दशकात ‘चिकन सूप फॉर द सोल’ या मालिकेत ती त्यांच्या नावावर छापून आली, त्यांच्या स्वतःच्या वडिलांची आठवण म्हणून. गोष्ट चांगली आहे, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण कोणीतरी लेखकाचं नाव खोडून तिथे चॅप्लिनचं नाव टाकलं आणि नोट बदलायचं विसरला. चॅप्लिन १८८९ साली जन्मला आणि लंडनमध्ये वाढला. तिथे पौंड, शिलिंग आणि पेन्स चालायचे; बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. लंडनच्या रांगेत डॉलर कुठून आले, हा प्रश्न भाषणाचे मुद्दे देणाऱ्याला पडायला हवा होता.

बरं, डॉलर सोडा. तो बाप कसा होता ते बघा. चार्ल्स चॅप्लिन थोरले हे त्या काळच्या म्युझिक हॉलमधले, म्हणजे गाण्या-विनोदांच्या थिएटरांतले, बऱ्यापैकी नावाजलेले गायक होते. गाण्यांच्या छापील प्रतींवर त्यांचं चित्र यायचं. चार्ली कळता व्हायच्या आतच नवराबायको वेगळे झाले. बापाने मुलांसाठी आठवड्याला दहा शिलिंग द्यायचे, असं ठरलं होतं. ते कधी आले, कधी आले नाहीत, मग बंद झाले. मुलं सरकारी आश्रमशाळेत असताना त्यांच्या खर्चाची थकबाकी वसूल करायला अधिकाऱ्यांना या माणसाच्या मागे वॉरंट काढावं लागलं. त्या काळच्या दराने वीस डॉलर म्हणजे चार पौंडांहून थोडे जास्त, म्हणजे ऐंशीच्या वर शिलिंग. स्वतःच्या पोरांच्या आठ आठवड्यांच्या पोटाचे पैसे या माणसाने रांगेतल्या अनोळखी माणसापुढे टाकले, असं आपण मुलांना शिकवतोय.

चॅप्लिनने १९६४ साली आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. माझा मुख्य आधार तेच आहे. स्वतःविषयी लिहिणारा माणूस रंगवून लिहू शकतो हे मान्य. पण डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९८५ साली चरित्र लिहिताना लंडनच्या गरीबखान्यांच्या आणि शाळांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या, आणि या बालपणाचा सांगाडा कागदोपत्री तसाच निघाला. त्या आत्मचरित्रात बापाच्या मायेचा एकच प्रसंग मला सापडला. केनिंग्टन रोडवर ‘थ्री स्टॅग्ज’ नावाचा दारूचा गुत्ता होता. मुलगा जाता जाता दार थोडंसं ढकलून आत डोकावला, तर बाप कोपऱ्यात बसलेला. सुजलेला, डोळे खोल गेलेले. त्याने खूण करून पोराला जवळ बोलावलं, आईची चौकशी केली, आणि निघताना त्याला जवळ घेऊन त्याचा मुका घेतला. चॅप्लिन लिहितो की आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं, आणि त्यानंतर बाप जिवंत दिसला नाही. मे १९०१ मध्ये सेंट थॉमस इस्पितळात तो वारला. दारूने शरीर पोखरलेलं, वय चाळिशीच्या आत. चार्ली बारा वर्षांचा होता. दफन गरिबांच्या कबरीत झालं.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. चॅप्लिनला पहिलं कायमचं काम मिळालं ते बापाच्या ओळखीने. ‘एट लँकेशायर लॅड्स’ नावाचं लाकडी बुटांवर नाचणाऱ्या मुलांचं एक पथक होतं. ते चालवणाऱ्या जॅक्सन यांना बाप ओळखत होता आणि त्याने शब्द टाकला. १८९८ च्या अखेरीला चार्ली त्या पथकात गेला. त्याचं खाणं-राहणं पथकाकडे, आणि आईच्या हातात आठवड्याला अडीच शिलिंग. एवढं श्रेय त्या बापाचं आहे, ते घ्या. ‘घडले ते वडिलांमुळे’ याला एवढाच आधार आहे.

आणि आता आई. मेसेजमधली सगळ्यात वाईट ओळ हीच आहे. बाकीच्या चुका अडाणीपणाच्या आहेत, ही मात्र एका बाईवर केलेला अन्याय आहे.

हॅना चॅप्लिन. रंगमंचावरचं नाव लिली हार्ली. गायची, नाचायची. आवाज जाऊ लागला तशी कामं सुटली. पदरात दोन मुलं, मोठा सिडनी आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान चार्ली. नवऱ्याचे पैसे येईनात, तेव्हा तिने हप्त्याने शिवणयंत्र घेतलं आणि ब्लाउज शिवायला लागली. चॅप्लिनने तिचा हिशेबच देऊन ठेवलाय: एका ब्लाउजला दीड पेनी, दिवसाचे बारा तास मशीन चालवून एका आठवड्यात जास्तीत जास्त ५४ ब्लाउज, हाती पडले सहा शिलिंग नऊ पेन्स. गुणाकार करून बघा, पैसा न पैसा जुळतो. हा आकडा मी बहिणीला सांगितला तर तिने एकच विचारलं, “दोरा कोणाचा?” ज्याने हे काम केलंय त्यालाच हा प्रश्न सुचतो. पुढे हप्ते थकले आणि मशीन ओढून नेलं.

१८९६ साली हे तिघं पहिल्यांदा लंडनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात गेले. तिथे आई एका बाजूला आणि मुलं एका बाजूला, हा तिथला नियम होता. भेटीच्या दिवशी आई आली तेव्हा तिला तिथल्या कपड्यांमध्ये बघून मुलांना धक्का बसला. मग सात वर्षांच्या चार्लीला भावाबरोबर लंडनबाहेर हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. तिथे त्याला डोक्यात नायटा झाला, केस काढून आयोडीन फासलं. याला ‘आईने टाकलं’ म्हणायचं? ती सुद्धा त्याच दारातून आत गेली होती. कायदाच तसा होता.

१८९८ च्या ऑगस्टमधला दिवस तर त्या मेसेज लिहिणाऱ्याला समोर बसवून वाचून दाखवावा. तिघं पुन्हा गरीबखान्यात. मुलं एका जागी, आई दुसऱ्या. नियम असा की कुटुंबाने अर्ज दिला की सुटका व्हायची, पण एकत्रच. हॅनाने अर्ज दिला. तिघांना आपापले कपडे परत मिळाले, वाफेतून काढलेले, इस्त्री न केलेले, चुरगळलेले. दारातून बाहेर पडले तर जायला घर नाही. सिडनीजवळ नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या आणि केनिंग्टन पार्कमधल्या बाकावर बसून तिघांनी खाल्ल्या. सिडनीने वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा करून त्यावर सुतळी गुंडाळली, आणि मायलेकरं चेंडू खेळली. दुपारी एका कॉफीच्या दुकानात उरलेल्या पैशांत एक गोड पाव, एक खारवलेला मासा आणि अर्ध्या पेनीचा एक असे दोन कप चहा, तिघांत वाटून. मग पुन्हा बागेत. संध्याकाळी ती मुलांना घेऊन गरीबखान्याच्या दारात परत हजर. अधिकारी वैतागले, कारण सगळे कागद नव्याने भरायचे, कपडे पुन्हा वाफेत घालायचे. पोरं आपल्याजवळ असावीत म्हणून तिने सरकारी नियमातून एक दिवस काढला होता. ‘टाकून गेली’ म्हणे.

इस्पितळाचं खरं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात तिला केन हिलच्या मनोरुग्णालयात नेलं, आणि १९०३ साली पुन्हा. दुसऱ्या वेळी सिडनी बोटीवर नोकरीला गेलेला. चार्ली घरी आला तर गल्लीतल्या पोरांनी सांगितलं, तुझ्या आईला वेड लागलंय; ती दारोदार जाऊन मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे देत होती. चौदा वर्षांचा मुलगा तिला हाताला धरून चालत इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरने त्याला सांगितलं की पोटात अन्न नसल्याचाही तिच्या मनावर परिणाम झालाय. पुढे तो भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली की त्या दिवशी दुपारी तू मला नुसता एक कप चहा दिला असतास तर मी बरी झाले असते. हे वाक्य त्याला आयुष्यभर सोडून गेलं नाही. या बाईविषयी ‘टाकून वेड्यांच्या इस्पितळात गेली’ असं लिहिणाऱ्याने आजारपण आणि भूक या दोन्हींना चारित्र्याचा दोष ठरवलंय. आपल्याकडे घरोघरी हेच होतं. नवरा पितो, पैसे देत नाही, बाई मशीनवर डोळे फोडते, तिचं डोकं दुखलं तर ‘तिला वेडाचे झटके येतात’. आणि मोठेपण वाटायची वेळ आली की ‘बाप तो बापच’.

चॅप्लिन कोणामुळे घडला हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय. आई खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या नकला करायची. समोरून अमका येतोय, बूट पुसलेले नाहीत, चेहरा उतरलेला, नक्की बायकोशी भांडण झालंय. आणि नंतर कळायचं की खरंच तसं झालं होतं. हाताने आणि चेहऱ्याने भावना कशी दाखवायची, एवढंच नव्हे तर माणूस कसा बघायचा, हे मी तिच्याकडून शिकलो, असं त्याचं म्हणणं आहे. पडद्यावर एक शब्द न बोलता जगाला हसवणाऱ्या नटाची शाळा ती खिडकी होती. पैसा मिळू लागल्यावर दोघा भावांनी तिला खासगी शुश्रूषागृहात ठेवलं, १९२१ साली कॅलिफोर्नियाला आपल्याजवळ नेलं, समुद्राजवळ घर घेऊन दिलं. १९२८ साली ती तिथेच वारली.

पाचव्या वर्षी घराचा कर्ता? अर्धसत्य. आल्डरशॉटच्या सैनिकांच्या थिएटरात आईचा आवाज फुटला, प्रेक्षकांनी हुर्यो केली, मॅनेजरने पाच वर्षांच्या चार्लीला पुढे ढकललं आणि त्याने गाणं म्हटलं, हे आत्मचरित्रात आहे. स्टेजवर नाणी पडायला लागली तेव्हा पोराने गाणं थांबवून जाहीर केलं की आधी पैसे गोळा करतो, मग गातो. मॅनेजर रुमालात नाणी भरायला लागला तर हा त्याच्या मागे मागे, पैसे आईच्या हातात पडेपर्यंत. लोक हसून बेजार झाले. पण त्या रात्रीनंतर त्याला कोणी काम दिलं नाही. आईचं मात्र ते शेवटचं ठरलं. कुटुंबाची घसरण खरं तर तिथून सुरू झाली. पाच वर्षांचं मूल घर चालवत नसतं, आणि ते आदर्श म्हणून आठवीच्या मुलांपुढे ठेवूही नये.

‘गुरू नाही, शिक्षण नाही’ यातला शिक्षणाचा भाग बराचसा खरा. १९०३ साली नाटकात पोऱ्याची भूमिका मिळाली तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं. भूमिका ३५ पानांची. सिडनीने वाचून दाखवली, पोराने तीन दिवसांत पाठ केली. पण गुरू नाही हे साफ खोटं. हिशेब मांडा: लाकडी बुटांचा नाच, मग ‘शेरलॉक होम्स’ नाटकात बिली नावाचा पोऱ्या म्हणून गावोगावचे दौरे, मग केसीज सर्कस नावाचा मुलांचा विनोदी कार्यक्रम (सर्कस हवीच असेल तर ही घ्या), आणि फेब्रुवारी १९०८ पासून फ्रेड कार्नोची विनोदी नाटुकली करणारी कंपनी. तिथेही सिडनी आधीपासून होता, त्यानेच धाकट्यासाठी मालकाची मनधरणी केली. कार्नोकडे विनोद कवायतीसारखा घोटून घ्यायचे: कधी पडायचं, किती थांबायचं, कोणाच्या अंगावर. त्याच कंपनीबरोबर १९१० आणि १९१२ साली अमेरिकेचे दौरे झाले. पुढे लॉरेल-हार्डी जोडीत गाजलेला स्टॅन लॉरेलही त्यात होता. चॅप्लिनचं गाजलेलं काम होतं दारुड्याचं. ते पाहूनच कीस्टोन या चित्रपट कंपनीने त्याला उचललं. १९१३ चा करार, आठवड्याला १५० डॉलर. बघा, डॉलर इथे आले, वयाच्या चोविसाव्या वर्षी. १९१६ साली म्युच्युअल कंपनीत तो आकडा आठवड्याला १०,००० वर गेला. पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं राहण्याआधी पंधरा वर्षं तो रोज रात्री प्रेक्षकांसमोर पडत-उठत होता. उपजत देणगी होतीच, कोण नाही म्हणतंय? मात्र ‘देणगी होती, बाकी काही लागलं नाही’ असं मुलांना सांगणं म्हणजे त्या पंधरा वर्षांवर पाणी फिरवणं.

फाळक्यांचं शेपूट तर नाशिकमध्ये फिरावं याची चीड येते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्याचं स्मारक, आणि आपणच हे पुढे ढकलतोय! ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्या दिवशी चॅप्लिनने सिनेमात एक फूटही काम केलेलं नव्हतं. तो अमेरिकेत कार्नोच्या नाटकमंडळीत होता. त्याचा पहिला चित्रपट पडद्यावर आला फेब्रुवारी १९१४ मध्ये. तोवर फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आलेसुद्धा होते. त्यांना सिनेमाचं वेड लागलं ते ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं.

उरलेलं भराभर. ‘स्वतःवर प्रेम करू लागलो तेव्हा’ ही सत्तराव्या वाढदिवसाची म्हणून फिरणारी कविता किम मॅकमिलन या अमेरिकन लेखिकेच्या मजकुरावरून उचललेली आहे. ते पुस्तक २००१ चं आणि चॅप्लिन वारला १९७७ च्या नाताळात. चॅप्लिनसारखं दिसण्याच्या स्पर्धेची गोष्ट १९२० च्या सुमारास वर्तमानपत्रांत ऐकीव किस्सा म्हणून आली, आणि त्याचा नंबर सांगणाऱ्यागणिक बदलतो. एकच विनोद तीनदा सांगितल्याचा प्रसंग आणि ‘मी पावसात चालतो, म्हणजे माझे अश्रू कोणाला दिसत नाहीत’ हे वाक्य यांच्याखाली ना तारीख असते, ना पुस्तक, ना मुलाखत. ज्याला ती सापडतील त्याने पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाकून पाठवावं, मी वाचेन. सर्कशीचा मेसेज मात्र ज्या ज्या ग्रुपवर आपण टाकला असेल तिथे तो डिलीट करा, आणि ज्या मुलांना भाषणासाठी दिला असेल त्यांना स्पर्धेच्या आधी बोलावून सांगा की तो खोटा आहे.